थीम पार्कचे फोटो काढायचेत? आधी डिझाइन बघा, मग कॅमेरा

आत शिरल्या शिरल्या क्लिक क्लिक सुरू करू नका, पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघा की तुमची नजर आपोआप कुठे जातेय, कारण ती तशी जावी म्हणूनच सगळं बांधलेलं असतं. कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडचंच घ्या, १९५५ साली उघडलेलं. तिथला कॅसल फक्त ७७ फूट उंच आहे पण वाटतो केवढा तरी मोठा, कारण वर जाताना विटा, खिडक्या सगळं लहान लहान होत जातं. पार्कात शिरताच लागणाऱ्या मेन स्ट्रीट या रस्त्यावरच्या इमारतींच्या वरच्या मजल्यांचंही तेच. मग ही ट्रिक फोटोत कशी आणायची? खाली बसा, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर धरा आणि वर बघून काढा. ड्रोनछाप उंचावरून काढलात तर सगळी जादू गेली, खरंच सांगतो.

लाइट म्हणाल तर दुपार सोडा. सूर्य मावळल्यावर पहिली वीसेक मिनिटं सोन्यासारखी, आकाश निळं असतं आणि दिवेही लागलेले असतात. अंधाऱ्या राइडमध्ये फ्लॅश अजिबात नको, सेट सपाट दिसतो आणि बाकीच्यांची मजा जाते ती वेगळीच, त्यापेक्षा एफ १.८ ची, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी लेन्स लावा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ३२०० किंवा वर न्या, थोडा ग्रेन, म्हणजे फोटोत बारीक ठिपके, आला तर येऊ दे.

आणि हो, कचऱ्याचे डबे, दिव्यांचे खांब, दारांच्या मुठी यांचेही फोटो काढा, एरिया बदलला की त्यांचं डिझाइनही बदलतं, मला तर कधी कधी राइडपेक्षा तेच जास्त आवडतं.