मरीन टँकमधलं शेवाळ: आधी खाद्य आणि पाणी, मग ब्रश

मरीन टँकमध्ये, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीत, खडकांवर हिरवे केस (केसांसारखं शेवाळ) दिसले की बहुतेक जण बाटलीतलं औषध शोधायला लागतात. ते नका करू. औषधाने मेलेलं शेवाळ टँकमध्येच कुजतं, पाण्यातला ऑक्सिजन घटतो, आणि त्याने शोषलेलं नायट्रेट-फॉस्फेट परत पाण्यात येतं. म्हणजे नव्या शेवाळाची सोय आपणच केलेली असते. टँकमध्ये जाणारं पोषण कमी करायचं आणि आत गेलेलं बाहेर काढायचं, यालाच सगळं काम म्हणतात. खालचे आकडे 200 लिटरच्या, मासे आणि कोरडे आणून टाकलेले खडक असलेल्या टँकसाठी आहेत.

आधी नीट ओळखा

नवीन टँकमध्ये वाळूवर आणि काचेवर तपकिरी धुरळा बसतो, ते डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ. पाण्यातलं सिलिकेट संपलं की बहुधा आपोआप जातात. काच पुसा आणि थांबा. काचेवरचा हिरवा थर नेहमीचाच, दर दोन-तीन दिवसांनी चुंबकाने पुसला की पुरे. लाल-जांभळी, सायीसारखी उचलता येणारी चादर हे शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया (सायनो) म्हणजे जिवाणू असतात. खडकाला घट्ट धरून बसणारे, ओढल्यावर तुटणारे हिरवे धागे म्हणजे केसाळ शेवाळ. खरा त्रास याचाच, म्हणून पुढचं बरंचसं त्याच्याबद्दल आहे.

खाद्याचं गणित

कोरड्या खाद्यात साधारण 1 टक्का फॉस्फरस असतो. 1 ग्रॅम खाद्य म्हणजे 10 मिलिग्रॅम फॉस्फरस, फॉस्फेटच्या हिशोबात सुमारे 30 मिलिग्रॅम. 200 लिटरमध्ये ते 0.15 मिग्रॅ/लि. होतं. पाण्यात फॉस्फेट असावं 0.05 ते 0.1. म्हणजे एका ग्रॅमातच मर्यादा ओलांडते, आणि काहीच बाहेर काढलं नाही तर रोज तेवढी भर पडते. एक आठवडा खाद्य वजनकाट्यावर मोजून टाका. चिमूट किती मोठी होती ते तेव्हा कळतं. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच घाला. गोठवलेलं मायसिस किंवा ब्राइन श्रिम्प (कोळंबीसारखे बारीक जीव) आधी वितळवून चहाच्या गाळणीत गाळा, आणि खालचं पाणी टँकमध्ये ओतू नका.

पाणी

उन्हाळ्यात पंखा लावून टँक थंड ठेवला तर रोज 3-4 लिटर पाणी सहज उडतं. उडतं ते फक्त पाणी, क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट 45 मिग्रॅ/लि. पर्यंत चालतं. समजा तुमच्या बोअरच्या पाण्यात 20 आहे आणि महिन्याला 100 लिटर भर घातली, तर मासे न खाताही टँकचं नायट्रेट 10 ने वाढेल. म्हणून भरीचं पाणी आणि मीठ कालवायचं पाणी, दोन्ही आरओ-डीआयचंच हवं, म्हणजे आरओ मेम्ब्रेनमधून गाळून उरलेले क्षार डीआय रेझिनने काढलेलं.

स्वयंपाकघरातला आरओ इथे चालत नाही. त्यातला टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतो, शिवाय काहींत मिनरलचं काडतूस असतं. गाळ, कार्बन, मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन या क्रमाचं वेगळं युनिट घ्या. बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस 0 हवा. 2-3 दिसायला लागला की रेझिन बदला, कारण ते संपत आलं की सिलिकेट लवकर निसटतं आणि जुन्या टँकमध्येही डायटम परत येतात.

मोजणी

नायट्रेट 5 ते 10 मिग्रॅ/लि. ठेवा. फॉस्फेटसाठी रंग जुळवायच्या किटपेक्षा डिजिटल मीटर बरा; इतका फिका निळा रंग डोळ्याला नीट वाचता येत नाही. मीटर फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग) दाखवत असेल तर आकड्याला 3.07 ने गुणून 1000 ने भागा. 20 पीपीबी म्हणजे 0.06 मिग्रॅ/लि. फॉस्फेट.

खडक केसांनी भरलेत आणि मीटर 0 दाखवतोय, तर मीटर खोटा नाही. येणारं सगळं फॉस्फेट शेवाळच खातंय. अशा वेळी आकड्यावर नको, डोळ्यांवर विश्वास ठेवा.

उपटणं

हातमोजे घाला, पंप बंद करा. सुटा होईल तो खडक टँकच्या पाण्याच्या बादलीत घ्या, धागे मुळापासून उपटा आणि कडक टूथब्रशने घासा. जो खडक हलत नाही त्याच्याशेजारी 8-10 मिमीची सायफनची नळी धरा आणि घासत जा, म्हणजे तुकडे थेट बाहेर जातील. टँकमध्ये नुसतंच घासलं तर प्रत्येक तुकडा नव्या जागी रुजू शकतो. साधारण 20 लिटर पाणी निघेपर्यंत जेवढं होईल तेवढंच करा आणि तेवढंच नवीन खारं पाणी घाला: लिटरला सुमारे 36-38 ग्रॅम मीठ, 25 अंशांना घनता 1.025-1.026, तापमान टँकइतकं. हे दर आठवड्याला, सहा ते आठ आठवडे.

नुसतं पाणी बदलून मात्र फारसं साधत नाही. 10 टक्के पाणी बदललं की 40 चं नायट्रेट 36 होतं, एवढंच. खरा फायदा बादलीतल्या शेवाळाचा, कारण त्याने खाल्लेलं सगळं त्याच्याबरोबर घराबाहेर जातं.

चिवट खडकाला बाहेर काढून हायड्रोजन पेरॉक्साइड लावता येतं, पण ते 3 टक्क्यांचं हवं. आपल्याकडे औषधाच्या दुकानात अनेकदा 6 टक्क्यांचं मिळतं. लेबल वाचा, तसं असेल तर तेवढंच आरओ-डीआय पाणी मिसळा. शेवाळावर ब्रशने लावा, दोन-तीन मिनिटं थांबा, खाऱ्या पाण्याने धुऊन परत ठेवा. क्लीनर आणि पेपरमिंट श्रिम्पना पेरॉक्साइड सोसत नाही, त्यामुळे ते थेट टँकमध्ये ओतू नका.

रोजची निर्यात, म्हणजे पोषण बाहेर काढणं

फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) दर तीन दिवसांनी बदला. त्यात अडकलेली घाण पाण्यातच असते, तिथेच विरघळते. स्किमरचा (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) कप आणि मान आठवड्यातून दोनदा पुसा. मानेला मेणचट थर चढला की फेस वर चढत नाही. संपमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) जागा असेल तर मूठभर कीटोमॉर्फा (कीटो) हे धाग्यांचं शेवाळ मुद्दाम ठेवा आणि त्याचा दिवा टँकचा दिवा बंद असताना, म्हणजे रात्री, चालवा. यामुळे रात्री पीएचही कमी घसरतो. गोळा दाटला की अर्धा काढून फेका. न काढलेलं कीटो काहीच निर्यात करत नाही.

फॉस्फेट 0.2 च्या वर अडून बसलं तर जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) वापरा. पाकिटावरच्या मात्रेच्या अर्ध्याने सुरुवात करा, आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत दाणे धुवा. रिअॅक्टरमध्ये (दाण्यांतून पाणी फिरवणाऱ्या नळकांड्यात) वरचे दाणे जेमतेम हलतील एवढाच प्रवाह ठेवा, नाहीतर ते घासून त्यांची लाल भुकटी टँकभर होते. दोन दिवसांत फॉस्फेट उतरलं आणि आठवड्यात परत चढलं तर घाबरू नका. चुनखडीचे खडक फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातलं कमी झालं की सोडत राहतात. जुन्या खडकांना यातून सुटायला महिने लागतात.

दिवा आणि खाणारे

प्रवाळ नसतील तर दिवा दहा तास ठेवायचं कारणच नाही. सहा तास पुरतात, दिव्यातला पांढरा प्रकाश कमी ठेवा, आणि खिडकीचं थेट ऊन टँकवर पडू देऊ नका.

सेरिथ आणि अॅस्ट्रिया गोगलगायी मिळून दहा-बारा पुरतात. अॅस्ट्रिया उलटी पडली तर बहुधा स्वतःहून सुलटी होत नाही, रोज पाहून उचलून ठेवा. नासॅरियस गोगलगायी उरलेलं खाद्य खातात, शेवाळ नाही. एक लॉनमोअर ब्लेनी (शेवाळ खाणारा छोटा मासा) चांगलं काम करते. टँग हा मोठा शेवाळ खाणारा मासा मात्र एवढ्या टँकमध्ये कोंडू नका. लांब धागे कुणीच आवडीने खात नाही, म्हणून आधी उपटा, मग गोगलगायी आणा. माशांना तांब्याचं औषध याच टँकमध्ये दिलं असेल तर गोगलगायी जगत नाहीत.

जिवंत खडक किंवा प्रवाळ किनाऱ्यावरून उचलून आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली प्रवाळांना संरक्षण आहे, आणि तशा खडकाबरोबर नको असलेलं शेवाळही घरात येतं.

अती झालं तर

सायनोसाठी सायफन करा, पाणी न हलणाऱ्या कोपऱ्यांत प्रवाह वाढवा (एकूण तासाला 4000 लिटरच्या आसपास), आणि तीन दिवस दिवे बंद ठेवताना हवेचा पंप चालू ठेवा. अँटिबायोटिक टाकलं तर उपयोगी जिवाणूही मरू शकतात.

नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेलं तर दुसरंच संकट येतं: बुडबुडे अडकलेला तपकिरी शेंबूड, दिवसा वाढणारा, रात्री कमी होणारा. हे डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव. थोडा नमुना टँकच्या पाण्यासह बाटलीत जोरात हलवा, कॉफी फिल्टरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. त्यात परत गुठळ्या जमल्या तर जवळपास खात्रीच. इथे सगळं उलट करायचं: जीएफओ काढा, पाणी बदलणं थांबवा, खाद्य थोडं वाढवून नायट्रेट 5 ते 10 आणि फॉस्फेट 0.1 पर्यंत आणा. रात्री पाण्यात तरंगणाऱ्या जातींवर यूव्ही दिव्याचा उपयोग होतो. काही जाती विषारी असतात, त्यामुळे गोगलगायी पटापट मरायला लागल्या तर उरलेल्या लगेच दुसऱ्या टँकमध्ये हलवा आणि फिल्टरमध्ये कार्बन नवीन घाला.