योकोहामा एका दिवसात: आधी बाग, मग बंदर

टोकियोला जाणारे बरेच जण योकोहामाला कसाबसा अर्धा दिवस देतात, चायनाटाऊनमध्ये खायचं, फोटो काढायचे की परत. तसं नका करू. टोकियोतल्या शिबुया स्टेशनहून ट्रेनने साधारण अर्धा तास लागतो, पूर्ण दिवस काढा आणि लांबची बाग आधी उरका, कारण बंदराची खरी मजा अंधार पडताना आहे.

सकाळी साकुरागिचो स्टेशनवरून ८ नंबरची सिटी बस घ्या. पुढच्या दारानं चढायचं, चढतानाच ट्रेन-बसचं प्रीपेड कार्ड टेकवायचं. ‘सानकेएन-इरिगुची’ला उतरा, इरिगुची म्हणजे प्रवेश. (मी गप्पांच्या नादात पुढे गेले आणि दोन स्टॉप पायपीट केली, असो.) सानकेएन ही बाग हारा सानकेई नावाच्या रेशीम व्यापाऱ्याने १९०६ मध्ये लोकांसाठी खुली केली. पठ्ठ्यानं जुन्या इमारतीच्या इमारती उचलून आणल्या, टेकडीवरचा तीन मजली पॅगोडा १४५७ चा, मूळचा क्योटोकडचा. पण मला सगळ्यात आवडलं ते यानोहारा घर. डोंगराळ भागातलं गवताच्या छपराचं घर, धरणामुळे तिथून हलवलेलं. आत जाता येतं, इरोरी म्हणजे जमिनीतली चूल पेटलेली असते आणि त्या धुराने छपराचं गवत टिकतं. कोकणातल्या आजीच्या स्वयंपाकघराचा वास आला हो! दोन तास तरी ठेवा.

दुपारी परत येऊन योकोहामा म्युझियम ऑफ आर्ट. केन्झो तांगेची १९८९ ची डिझाइन, आत शिरलात की दोन्ही बाजूंना पायऱ्यांसारखा चढत गेलेला दगडी हॉल, चित्रं नंतर बघा, आधी तिथेच उभं राहा. गुरुवारी बंद असतं, प्लॅन करताना लक्षात ठेवा.

मग चालत रेड ब्रिक वेअरहाऊस, तिथे दुकानंच जास्त, बाहेरून बघितलं तरी चालेल. पुढे यामाशिता पार्क. १९२३ च्या भूकंपाचा ढिगारा समुद्रात भरून ही जागा केली आणि १९३० मध्ये पार्क उघडलं. इथे एक गोष्ट आपल्या लोकांनी चुकवू नये, इंडियन वॉटर टॉवर. भूकंपानंतर योकोहामाने इथल्या भारतीय व्यापाऱ्यांना मदत केली, म्हणून त्यांनी १९३९ मध्ये ही पाणपोई शहराला भेट दिली. घुमटाखाली उभं राहून वर बघा, आतून रंगीत मोझॅक आहे. बहुतेक जण बाहेरूनच सेल्फी काढून निघून जातात. आणि हो, मुंबई आणि योकोहामा १९६५ पासून सिस्टर सिटी आहेत.

वेळ उरला तर जवळच सिल्क म्युझियम, सकाळच्या बागेचा पैसा कुठून आला ते तिथे कळतं. मात्र सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी ओसानबाशी गाठाच. जहाजांचं हे टर्मिनल २००२ चं, फारशिद मुसावी आणि आलेखांद्रो साएरा-पोलो यांच्या फर्मने केलेलं, आत कागदाच्या घड्यांसारखं स्टीलचं छत, मधे एक खांब नाही. वर जायला जिना शोधू नका, रस्त्यावरची लाकडी फळीच हळूहळू वर चढत छप्पर होते, लोक त्याला देवमाशाची पाठ म्हणतात. वरती मधेमधे हिरवळ आहे, तिथे बसा. समोर २९६ मीटरचा लँडमार्क टॉवर आणि मोठा आकाशपाळणा, एकेक दिवा लागत जातो. वारा जाम असतो, जॅकेट हॉटेलवर ठेवून येऊ नका.