आकडा खरा, पण प्रश्न कोणी ठरवला?

पुण्यात टेक्नॉलॉजी मार्केट रिसर्चच्या कंपन्या पुष्कळ. इंजिनिअरिंग किंवा एमबीए करून पहिली नोकरी तिथे धरणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

पहिल्याच वर्षी एका क्लायंटने पैसे देऊन करून घेतलेला रिपोर्ट माझ्याकडे आला. ड्राफ्टमध्ये मार्केट शेअरमध्ये क्लायंट तिसरा होता. सीनियर खुर्चीमागे येऊन म्हणाला, "एक काम कर, हजाराच्या वर एम्प्लॉयी असलेलेच कस्टमर धर." एक्सेलमध्ये फिल्टर लावला, पाय चार्ट हलला आणि क्लायंट पहिला आला. शीट मी तीनदा तपासली. एकही आकडा खोटा नव्हता. फिल्टरचा उल्लेख गेला तळटीपेत, बारीक अक्षरांत.

तेव्हापासून नव्या मुलांना मी माइंडक्राफ्ट या चाचण्या घेणाऱ्या कंपनीचं १९९९चं प्रकरण आधी वाचायला लावते. मायक्रोसॉफ्टच्या पैशाने तिने केलेल्या चाचणीत मायक्रोसॉफ्टचीच सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम विंडोज एनटी ही लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमपेक्षा फाइल सर्व्हर म्हणून २.५ पट आणि वेब सर्व्हर म्हणून ३.७ पट वेगवान ठरली. लिनक्सवाले भडकले, लिनक्सचं ट्यूनिंग (वेगासाठी सेटिंग जुळवणं) नीट केलंच नाही, म्हणाले. त्यांच्या जाणकारांसमोर पुन्हा चाचणी झाली, तरी एनटीच पुढे! म्हणून स्पॉन्सर्ड म्हणजे खोटं, असं धरून चालू नका. सेटअप वाचा. मशीन चार प्रोसेसर आणि चार नेटवर्क कार्डांचं होतं, वेब पानं साधी, न बदलणारी. तेव्हाच्या बहुतेक वेबसाइटवर एवढा भार कधी येतच नव्हता. एनटीचा जोर जिथे, नेमकं तिथेच मोजलं गेलं. (त्यात दिसलेल्या उणिवांवर लिनक्सवाल्यांनी पुढे मन लावून काम केलं, हेही सांगायला हवं.)

इंटरव्ह्यूमध्ये एक प्रश्न बेधडक विचारा: स्पॉन्सर्ड रिपोर्ट क्लायंटला जाहिरातीत वापरू देता का? क्लायंटच्या पैशाने केलेले तुलनात्मक अभ्यास प्रसिद्धीसाठी वापरू देणं फॉरेस्टर या रिसर्च कंपनीने २००३मध्ये बंद केलं होतं, म्हणजे नियम करता येतो. ट्रेड मॅगझिनमध्ये गेलात आणि लाँचसाठी विमान-हॉटेल कंपनीने दिलं, तर बातमीखाली तसं छापाच. वाचकाचा तो हक्क आहे.

आणि पहिला ड्राफ्ट तारखेसकट जपून ठेवा. कोणते कस्टमर धरायचे ही व्याख्या बदलली तर का बदलली, हे मेथडॉलॉजीत एका ओळीत लिहा. ती ओळ काढायला कोणी सांगितलं, तर म्हणा, "मेलवर टाका ना."