विंडोज टाकताना पार्टिशनच्या या चुका टाळा

विंडोज कुठे टाकायचं, असं इन्स्टॉलर विचारतो तेव्हा बरेच जण सवयीने ड्राइव्हचे सी आणि डी असे भाग, म्हणजे पार्टिशन, पाडून मोकळे होतात. माझं स्पष्ट मत आहे की ड्राइव्ह एक आणि सिस्टीमही एकच असेल, तर सगळी जागा सीला द्या. एसएसडीवर पार्टिशन पाडून वेग वाढत नाही.

सगळ्यात जास्त मनस्ताप होतो तो सी लहान ठेवल्याने. विंडोज ११ची किमान अट ६४ जीबीची आहे, म्हणून ऐंशी-शंभर जीबी पुष्कळ झाले असं वाटतं. पण अपडेट, पेजफाइल (रॅम कमी पडल्यावर वापरली जाणारी फाइल), हायबरनेशनची फाइल (संगणक बंद करताना चालू काम जपून ठेवणारी), ॲप्सचा डेटा हे सगळं सीवरच साठतं. मोठ्या अपडेटनंतर काही दिवस जुनी विंडोजही तिथेच पडून असते. मग सीची पट्टी लाल होते. आपण डी थोडा श्रिंक, म्हणजे लहान, करतो, तरी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' दाबताच येत नाही! कारण मोकळी जागा सीला अगदी लागून, उजव्या बाजूला हवी असते. डी श्रिंक केल्यावर ती निघते डीच्या शेवटी. अशा वेळी डीमधला डेटा बाहेरच्या ड्राइव्हवर काढा, तो नीट उघडतोय का बघा, मगच डी डिलीट करून सी वाढवा. मध्ये रिकव्हरी पार्टिशन (विंडोज दुरुस्तीसाठी राखलेला भाग) आडवं येत असेल तर ते जीपार्टेडसारख्या पार्टिशन बदलणाऱ्या टूलने सरकवावं लागतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर आधी ते पूर्ण काढून घ्या.

डीवर फोटो ठेवले म्हणजे बॅकअप झाला, हा समज तर घातकच. सी फॉरमॅट केला तरी डी वाचतो, एवढा फायदा खरा. पण डिस्कच बिघडली तर दोन्ही एकदम जातात.

इन्स्टॉलरच्या यादीत सी, डी ही अक्षरं दिसत नाहीत; 'ड्राइव्ह ० पार्टिशन ३' असं काहीतरी दिसतं. म्हणून प्रत्येक पार्टिशनचा आकार आधीच कागदावर लिहून ठेवा, आणि शक्य असेल तर बाकीच्या डिस्क काढून ठेवा. यादीतलं १०० एमबीचं पार्टिशन निरुपयोगी समजून उडवू नका; ते बहुधा संगणक सुरू करण्याच्या फाइल्सचं ईएफआय पार्टिशन असतं. त्याच डिस्कवर लिनक्स असेल तर त्याचा बूटलोडर (सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम) बहुधा तिथेच असतो.

डिस्क एमबीआर (पार्टिशनची नोंद ठेवण्याची जुनी पद्धत) आहे म्हणून इन्स्टॉलर अडला, तर घाईने डिस्कपार्ट या विंडोजच्या कमांड टूलमधली 'क्लीन' कमांड देऊ नका. तिने फक्त निवडलेलं पार्टिशन नाही, त्या डिस्कवरची सगळी पार्टिशनं जातात. जुनी विंडोज १० चालू स्थितीत असेल, तर त्यातलं एमबीआरटूजीपीटी हे टूल डेटा न पुसता डिस्क जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीची, करतं. त्यानंतर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) यूईएफआय हा नवा बूट मोड निवडावा लागतो, नाहीतर विंडोज सुरूच होणार नाही.