विज्ञान दिनाचा स्टॉल : बर्फातल्या ज्वालामुखीची बुरशी

अंटार्क्टिकाच्या एरेबस ज्वालामुखीवरची बुरशी लोकांना समजावायची, आणि शेजारी आपल्या मातीतली बुरशी काचेच्या बंद प्लेटींत वाढवून दाखवायची, असा हा स्टॉल. २८ फेब्रुवारीला थंडीत वाढवलेल्या प्लेटी मांडायच्या असतील तर त्या जानेवारीतच फ्रिजमध्ये गेलेल्या हव्यात. बाहेर ठेवलेल्या प्लेटवर चार-पाच दिवसांत कापसासारखी बुरशी उगवते. ४-५ अंशांतल्या प्लेटला तीन-चार आठवडे द्या. तेव्हाही टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका दिसला तरी खूश व्हा.

आधी मातीचं बघा. अंटार्क्टिकाची मिळणार नाही. १९९१च्या माद्रिद प्रोटोकॉलनंतर तिथले नियम फार कडक झालेत. पण ज्वालामुखीची माती आपल्या दारातच आहे: काळी, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून झिजून झालेली. काटोल-कळमेश्वरकडे कुणाचं शेत असेल तर तिथून आणा, भंडारा रोडची नको, तिकडे बेसाल्ट, म्हणजे लाव्ह्याचा काळा खडक, संपतो. संत्र्याच्या झाडाखालचीही नको. डिंक्या रोगासाठी खोडाला मोरचुदाची बोर्डो पेस्ट लावलेली असते, आणि बुरशी मारणारं मोरचूद असलेल्या मातीतून बुरशी शोधणं म्हणजे स्वतःचीच फजिती. धुऱ्यावरची घ्या, वरचा पालापाचोळा सारून बोटभर खालची. चमचा स्पिरिटने पुसून ज्योतीवरून फिरवा, स्पिरिटची बाटली मात्र आधी लांब ठेवा. पाकिटावर पेन्सिलने लिहा, पेनाची शाई फ्रिजमध्ये पसरते.

ही माती एरेबससारखीच आहे असं पोस्टरवर लिहू नका. रॉस बेटावरच्या ३,७९४ मीटर उंच एरेबसचा खडक फोनोलाइट नावाचा वेगळा ज्वालामुखी खडक, आपला बेसाल्ट. शिवाय आपल्या मातीला शेणखत, मुळं, गांडुळं सगळं मिळालंय; तिथे वाफेच्या भोकांभोवती शेवाळ आणि सूक्ष्मजीव जे काही कार्बन जमवतील त्यावरच भागवायचं. 'तुलनेसाठी नमुना' एवढंच लिहा.

प्लेटींसाठी पीडीए (बटाट्याच्या अर्काचा, बुरशी वाढवायचा मीडिया), लिटरला ३९ ग्रॅम, ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करायच्या भांड्यात) १२१ अंशांवर १५ मिनिटं. बॅक्टेरिया दाबायला क्लोरॅम्फेनिकॉल घाला. एक ग्रॅम माती नऊ मिली निर्जंतुक पाण्यात, त्यातून पुढे दहा-दहा पटीने पातळ. यात नवीन काही नाही, प्रॅक्टिकलच्या वहीत आहे.

खरा जीव लावा तो कोऱ्या प्लेटींवर. एक नुसत्या मीडियाची, दुसरीवर मातीऐवजी फक्त पाणी, तिसरी काम चालू असताना टेबलावर उघडी ठेवलेली. एरेबसच्या अंधाऱ्या बर्फगुहांतल्या मातीत मॅलेसेझिया या बुरशीचा डीएनए भरपूर सापडला. ही बुरशी आपल्या टाळूवर, कोंड्यात असते. मग ती मूळची तिथली की कुणाच्या टोपीतून उतरलेली? परीक्षक हे विचारणारच, आणि कोऱ्या प्लेटी नसतील तर तुमच्या ठिपक्यांनाही तोच प्रश्न लागू. एरेबसच्या ट्रॅमवे रिजवरच्या संरक्षित भागात संशोधक निर्जंतुक कपडे चढवून जातात ते उगाच नाही. तुम्ही निदान केस बांधा, पंखा बंद करा.

पोस्टरवर तापमानाची पट्टी मोठी काढा. ट्रॅमवे रिजवर माती ६५ अंशांपर्यंत तापते आणि थोड्याच अंतरावर गोठलेली असते. बुरशीची वरची मर्यादा साधारण ६०-६२ अंश, म्हणजे सगळ्यात गरम जागेवर तिचं काही चालत नाही. दुसरं टोकही सांगा: अंटार्क्टिकातल्या बऱ्याच बुरशी थंडीच्या हौशी नसतात, थंडी फक्त सोसतात. १५-२० अंश मिळाले की जोरात वाढतात. म्हणून एक जोडी प्लेटी बीओडी इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे ठरावीक थंड तापमान धरून ठेवणाऱ्या कपाटात, १५ अंशांवर हवी. सरांकडे आत्ताच जागा मागून ठेवा, फेब्रुवारीत तो गच्च भरतो. अंटार्क्टिकातल्याच डिसेप्शन या ज्वालामुखी बेटाला छोटी चौकट पुरे: १९६७ आणि १९६९च्या उद्रेकांत तिथली संशोधन केंद्रं उद्ध्वस्त झाली, आणि व्हेल मारणाऱ्यांच्या जुन्या वस्तीची लाकडं आज बुरशी कुजवते आहे. लोकांना ही गोष्ट फार आवडते.

उगवल्यावर प्लेट उघडायची नाही, वास तर अजिबात घ्यायचा नाही. २०२१ साली नागपुरात म्युकरमायकोसिसने काय केलं ते आठवतं ना, ती बुरशीही मातीतच राहते. झाकणाला पॅराफिल्म (ताणून चिकटणारी मेणासारखी पट्टी), वरून सेलोटेप, आणि पाहणाऱ्यांच्या हाती भिंग द्या, प्लेट नको. नेताना थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्या. दुपारी स्टॉलवर ऊन आलं तर झाकणाला आतून पाणी सुटतं आणि ठिपके दिसेनासे होतात. संध्याकाळी सगळ्या प्लेटी मोजून लॅबमध्ये परत, ऑटोक्लेव्ह करून मगच टाकायच्या. आवराआवरीला कोण थांबणार ते आजच ग्रुपवर ठरवा.