रासायनिक बंध शिकायचे तर मोरचुदापासून सुरुवात करा

अकरावी सायन्सला आलेली बरीच मुलं अभिक्रिया पाठ करतात आणि परीक्षेपर्यंत त्यांची सरमिसळ होते. त्यापेक्षा प्रत्येक अभिक्रियेला दोन प्रश्न विचारा: कोणता बंध सुटला आणि कोणता शाबूत राहिला? ही सवय लागायला मोरचूद, म्हणजेच कॉपर सल्फेट, फार सोयीचं.

त्यात तांब्याच्या आयनावर दोन धन प्रभार, सल्फेटवर दोन ऋण. त्यांच्यातलं आकर्षण म्हणजे आयनिक बंध. सल्फेटच्या आत मात्र गंधक आणि ऑक्सिजन इलेक्ट्रॉन वाटून घेतात, तो सहसंयुज बंध. पाण्यात टाकल्यावर पहिला सुटतो, दुसरा नाही. म्हणून समीकरण संतुलित करताना दोन्ही बाजूंना अखंड सल्फेट असेल तर तो एकच गट धरून मोजा. त्याचे अणू सुटे मोजायला गेलात की घोळ होतो.

आता प्रयोग. परीक्षानळीत १० मिली पाणी, त्यात पाव ग्रॅम मोरचूद. लोखंडी खिळा पॉलिश पेपरने चकचकीत घासून बुडवा. काही मिनिटांत त्यावर तांबूस थर धरतो आणि निळं द्रावण हळूहळू फिकट हिरवट होतं. लोखंडाने दोन इलेक्ट्रॉन दिले, तांब्याच्या आयनाने घेतले, सल्फेट होता तसाच राहिला. ५६ ग्रॅम लोखंड विरघळतं तेव्हा ६३.५ ग्रॅम तांबं बसतं, त्यामुळे थर झडला नाही तर खिळा किंचित जडच होतो! मोरचूद विषारी आहे. स्वयंपाकाची भांडी वापरू नका, हात धुवा.

रंग बदललाच नाही तर द्रावण दाट झालंय. थर काळपट आला तर खिळ्यावर जस्ताचा मुलामा आहे. काहीच झालं नाही तर खिळा स्टेनलेस स्टीलचा असेल. त्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा लोखंडाला द्रावणाशी भिडू देत नाही. नळी उघडी ठेवली की हवेतला ऑक्सिजन फेरसचं (दोन धन प्रभारांचा लोखंडाचा आयन) फेरिक (तीन धन प्रभारांचा) करतो आणि द्रावण पिवळसर तपकिरी दिसू लागतं. मूळ अभिक्रियेत मात्र फेरस सल्फेटच तयार होतं, तिथे फेरिक लिहू नका.

नाशिक-सांगलीकडचे द्राक्ष बागायतदार हीच अभिक्रिया चाचणी म्हणून वापरतात. एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी (पिकावर फवारायचं बुरशीनाशक) १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी लागतं. तयार मिश्रणात लोखंडी पातं बुडवायचं. तांबूस थर आला तर तांब्याचे मोकळे आयन शिल्लक आहेत, ते पानं करपवतात, म्हणून आणखी चुन्याची निवळी घालायची.

समीकरण संतुलित करताना रेणुसूत्राच्या पायाशी असलेल्या अंकाला हात लावायचा नाही, बदलायचा तो सूत्राच्या आधी लिहिलेला गुणक. पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनच्या पायाशी २ लिहिलात तर ते हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, वेगळाच पदार्थ.

पुढचा सराव ॲल्युमिनिअमवर करा. त्याच्या आयनावर तीन धन प्रभार, म्हणून २ ॲल्युमिनिअमला ३ कॉपर सल्फेट लागतात आणि ३ तांबं सुटतं. प्रत्यक्षात फॉइलचा तुकडा मोरचुदाच्या द्रावणात बराच वेळ जसाच्या तसा पडून राहतो, कारण त्यावर ऑक्साइडचा घट्ट थर असतो. चिमूटभर मीठ टाका: क्लोराइड आयन तो थर भेदतात, तांबं सुटू लागतं आणि नळी हाताला गरम लागते.