सुट्टी घ्या, पण रविवारी रात्री परत येऊ नका

दिवाळीनंतर चार दिवस दापोलीला गेलो, मस्त झोपा काढल्या, आणि येताना रविवारी संध्याकाळी भूगावपासून चांदणी चौकापर्यंत गाडी हलेना, घरी पोचेपर्यंत साडेअकरा आणि सकाळी नऊला हिंजवडीत मीटिंग, म्हणजे सगळी सुट्टी तिथंच खलास. आता आम्ही शनिवारीच परततो. रविवारी वरणभात, वाळू भरलेल्या कपड्यांचं मशीन आणि दुपारची झोप, बास.

सुट्टीचा फायदा खरा आहे हं. हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या १२ हजारांवर अमेरिकन पुरुषांवर ९ वर्षं लक्ष ठेवलेला अभ्यास २००० साली आला, त्यात दरवर्षी सुट्टी घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं (आता तब्येत बरी असलेलेच जास्त फिरतात असंही असेल म्हणा). पण ऑफिस सुरू झालं की ते बरं वाटणं आठवड्याभरातच उतरतं, म्हणून सगळ्या रजा एका मोठ्या ट्रिपसाठी साठवण्यापेक्षा वर्षात तीन-चारदा छोट्या सुट्ट्या घ्या. आणि ऑफिसचं मेल ॲप निघायच्या आदल्या रात्रीच फोनमधून काढा, नुसतं म्यूट करून भागत नाही, बोट जातंच तिकडे.